मळ्यातलं जुनं घर आणि पाहुण्यांच्या खोल्या : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत. गावाकडचं जुनं घर, शेतातला वाडा, त्याचं काय करायचं, पाहुण्यांना राहायला दिलं तर चालेल का. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हापासून सातारा भागात येणारी माणसं वाढलीत आणि हॉटेलपेक्षा घरात राहायला मागणारी तर फारच वाढलीत, त्यामुळे प्रश्न येणारच होते. पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतोय, कारण बाकीच्या बऱ्याच जणांच्या मनातलं त्यातच आहे.

प्रश्न : आमचं वाई तालुक्यात कृष्णेच्या बाजूला मळ्यात पणजोबांनी बांधलेलं घर आहे. घडीव दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, मंगळुरी कौलं, शेजारी मोठा गोठा, आत माजघरात बळद, म्हणजे धान्य साठवायची बंद जागा, आणि समोर मोटेची विहीर. आता तिथं कोणीच राहत नाही. चुलतभाऊ म्हणतो पाचगणी-महाबळेश्वरची सगळी गर्दी इथूनच जाते, चार-पाच खोल्या काढू आणि पाहुण्यांसाठी चालू करू. थोरले काका म्हणतात एकदा लॉज केला की घराची हेरिटेज किंमत संपली. आणि मला मुळातच प्रश्न पडलाय की आमच्या घरात ना कुणी सरदार राहिला ना राजा, मग याला हेरिटेज म्हणायचं तरी का? — एक वाचक, वाई तालुका

उत्तर : म्हणायचं, अगदी ठामपणे म्हणायचं. तुमच्याजवळच मेणवली आहे, १७६८ मध्ये नाना फडणवीसांना ते गाव इनाम मिळालं आणि मग तिथं वाडा, घाट झाला, लोक तो बघायला येतात आणि यायलाच पाहिजे. पण त्या काळात आणि त्याच्या नंतर शंभर-दीडशे वर्षं या खोऱ्यात ज्यांनी शेती केली ती माणसं कशी राहिली, धान्य कुठं ठेवलं, बैल कुठं बांधले, पाणी कसं चढवलं, हे वाड्यावरून कळत नाही, ते तुमच्यासारख्या घरावरून कळतं. आणि अशी घरं कुणी मोजून-काढून ठेवलेली नाहीत, ती पडली की पुरावाच गेला. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर बघा, शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे १७१९ ते १७२४, वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली, आमराईला पाणी द्यायला. शेतीच्या कामासाठी बांधलेली गोष्ट आहे ती, आणि आज साताऱ्यात आलेला माणूस वाट वाकडी करून ती बघायला जातो.

सरकारी यादीत नाव नसणं म्हणजे किंमत नसणं असं बिलकुल नाही. यादीत असेल तर कायद्याची बंधनं येतात, नसेल तर येत नाहीत, एवढाच फरक. जुन्या वास्तूंची काळजी कशी घ्यावी याचे जगभर वापरले जाणारे जे नियम आहेत त्यातले एक, बुरा चार्टर, १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बुरा नावाच्या गावात ठरले, आणि ते गाव तांब्याच्या खाणींचं, तिथं राजवाडे नाहीत. त्यांचं मुख्य म्हणणं असं की गरज आहे तेवढा बदल जरूर करा पण त्याहून जास्त एक खिळाही नको. आणि नवा वापर असा निवडा की जागेचं महत्त्व कशात आहे ते झाकलं जाणार नाही. म्हणजे वापर बदलला की किंमत संपते असं तेही म्हणत नाहीत.

आता काकांचं. काकांना माझा नमस्कार सांगा, त्यांची भीती खोटी नाही, पण लॉजपेक्षा कुलूप जास्त वाईट. घर बंद राहिलं की काय होतं ते क्रमानं सांगतो. माकडं नाहीतर वारा एखादं कौल सरकवतो, ते बघायला कोणी नसतं, पावसाचं पाणी तुळईच्या टोकावर पडतं, ते टोक भिंतीत गाडलेलं असल्यामुळे वाळत नाही, तिथंच कुजायला लागतं आणि मग भिंतीचा माथा भिजून माती बसते. चूल पेटत होती तेव्हा धुरानं लाकूड कोरडं राहायचं, किडे लांब राहायचे, आता तेही नाही आणि वाळवीला रान मोकळं. म्हणून मी म्हणतो पाहुणे येऊ द्या, रोज झाडलोट होईल, चूल पेटेल, गळती त्याच दिवशी दिसेल, आणि दुरुस्तीला पैसा घरातूनच उभा राहील.

पण कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवा. माझ्या मते तुमच्या घराची सगळ्यात मोठी गोष्ट खांबावरचं नक्षीकाम नाही (असलं तर चांगलंच), तर विहीर, गोठा, खळं, बळद आणि माजघर यांचा एकमेकांशी असलेला संबंध आहे. मोटेची धाव, म्हणजे बैल ज्या उतारावरून खाली जायचे तो उतार, पार्किंगसाठी सपाट करायची बुद्धी पहिल्यांदा होते, आणि धाव गेली की थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं ती जागा, नुसता दगडी चौकोन उरतो, मोट कशी चालायची ते पोराबाळांना कळणारच नाही. गाड्या रस्त्याकडेला लावा, पाहुणे शंभर पावलं चालतील, त्यांना काही होत नाही. बळद फोडून बाथरूमला जागा काढू नका. गोठ्यात खोल्या काढायच्या असतील तर निदान एका बाजूची गव्हाण आणि दावणीच्या कड्या जागच्या जागी राहू द्या.

काम सुरू करण्याआधी घराची नोंद करा, हे फार कळकळीनं सांगतोय. टेप घेऊन प्रत्येक खोलीचं माप, प्रत्येक भिंतीचा फोटो, कुठं भेग आहे, कुठं लाकूड बदललंय, सगळं. वय काढायचं असेल तर कौलं उलटी करून बघा, मागं कारखान्याचा छाप असतो. मंगळुरात बाझल मिशननं कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, पहिल्या महायुद्धात तो जर्मन-स्विस मिशनकडून गेला आणि नंतर कॉमनवेल्थ नावानं माल येऊ लागला, म्हणजे छापावरून छपराचा काळ साधारण कळतो. फक्त छपराचा हं, घर त्याच्या आधीचं असू शकतं, आधी नळीची कौलं असतील आणि मग बदलली असतील. घरात मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका, मोडी वाचणारी माणसं आजही सापडतात. आणि म्हाताऱ्या माणसांना एक प्रश्न नक्की विचारा, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात यातली कुठली भिंत पडली आणि कुठली परत बांधली. सातारा जिल्ह्यात या एका प्रश्नानं अर्धं घर उलगडतं.

एक शेवटचं. शेतकऱ्याच्या घराला पेशवाईचा वेश चढवू नका. भिंतीवर ढाल-तलवारी, दारात मशाली, पाहुण्यांना फेटे, असं बरंच चाललंय. त्यापेक्षा पाभर, कोळपं, धान्य मोजायची पायली, ताकाचा डेरा ही तुमच्या घरातली खरी सामग्री आहे, ती जिथं असायची तिथंच ठेवा आणि खाली चार ओळी लिहा की हे कशासाठी वापरायचे.

प्रश्न : आमचं घर कवठेमहांकाळ तालुक्यात, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचा विचार आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो माळवद काढा, त्याच भिंतीवर स्लॅब टाकू आणि सगळीकडून सिमेंट प्लॅस्टर मारू म्हणजे पन्नास वर्षं बघायला नको. आई नको म्हणते. काय करावं? — एक ताई, कवठेमहांकाळ

उत्तर : ताई, आईचं ऐका. पण आईला पण एक गोष्ट समजावून सांगा, ती खाली येतेच.

मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते, तशीच ती बांधलेली असते. जोत्यातून वर चढणारा ओलावा भिंतीच्या अंगातून बाहेर पडतो आणि उन्हात वाळतो. बाहेरून सिमेंट मारलं की तो रस्ता बंद, मग ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते, भिंतीतलं लाकूड कुजतं आणि वरून मात्र छान गुळगुळीत दिसत राहतं, तीन-चार वर्षांनी प्लॅस्टरचा अख्खा पापुद्रा मातीसकट सुटतो. त्या जागी चुन्याचा गिलावा करा, नाहीतर माती-भुसा-शेणाचा. चुना निदान काही आठवडे भिजवून मुरवलेला हवा, आपल्याकडे त्यात गूळ-हिरड्याचं पाणी घालायची पद्धत होती आणि ती माहिती असलेले जुने गवंडी अजून आहेत, त्यांना रोज थोडा जास्त द्यावा लागला तरी द्या. स्लॅबचं म्हणाल तर मातीच्या भिंतीवर तेवढं वजन टाकणं हा सरळसरळ धोका आहे, कोणी कितीही खात्री दिली तरी नाही म्हणा.

आता आईला सांगायची गोष्ट. माळवद उन्हाळ्यात फार सुख देतं, तुमच्या भागातल्या एप्रिल-मे मध्ये तर एसी लागत नाही, आणि कमी पावसाच्या मुलखातलं शहाणपण आहे ते. पण दरवर्षी गळती थांबवायला वर नवीन पांढरी माती टाकत गेलं की थर वाढत वाढत दोन-दोन फुटांवर जातो आणि ते सगळं ओझं तुळयांवर बसतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जी माणसं गेली त्यातली खूप माणसं अशाच जड माळवदाखाली आणि आतून सुट्या असलेल्या दगडी भिंतींखाली गेली. म्हणून तुमच्या खोल्यांत कोणी झोपायच्या आधी हे करा : वरची माती हळूहळू, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, तुळया आणि किलचण (तुळयांवर अंथरलेलं बारीक लाकूड) तपासा, खराब झालेली बदला, मग पातळ थर, त्यात पाणी अडवणारा कागद, आणि वर पुन्हा पांढरी माती, उतार पन्हाळीकडे. खांब आणि तुळई जिथं मिळते तिथं तिरकस लाकडी नाहीतर लोखंडी आधार द्या. भिंत दगडाची असेल तर आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे लांब दगड, म्हणजे आरपार जाणारे, काही काही अंतरावर घालून घ्या. याला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल आणि असा लागेल ज्यानं मातीच्या घराचं काम केलंय. हा खर्च टाळून बाकी कशावरही खर्च करू नका, पाहुण्याचा जीव आपल्या भरवशावर असतो.

प्रश्न : पाहुण्यांना अटॅच्ड टॉयलेटच पाहिजे असतं, त्याशिवाय बुकिंग येत नाही. वरच्या माडीवर चार टॉयलेट काढता येतील का? — एक वाचक, कोरेगाव

उत्तर : माडीवर नको. लाकडी तक्तपोशी आणि पाणी यांचं जमत नाही, एक सांधा झिरपला तरी खालच्या कडीपाटाला कळायच्या आत कुजवतो. मागच्या परसात, घराला न चिकटता, चार न्हाण्या-संडासांची वेगळी ओळ बांधा आणि मधे छपराचा छोटा रस्ता करा. अगदीच अटॅच्ड हवं तर जमिनीवरच्या खोलीला बाहेरच्या बाजूनं जोडा, जुन्या भिंतीत नवीन भोक न पाडता आहे ती खिडकी किंवा दार वापरून, म्हणजे उद्या कुणाला ते काढून टाकावंसं वाटलं तर घर होतं तसं परत मिळेल. शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. वायरिंग पण सगळं नवं करा, जुन्या लाकडावरून गेलेल्या जुन्या वायरींवर गिझर चालवणं म्हणजे आगीला बोलावणं आहे.

प्रश्न : आम्ही सांगलीजवळ हरिपूरचे. आमच्या जुन्या मळ्यात हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालचे साठवणीचे खड्डे, आहेत, २००५ च्या पुरानंतर वापरात नाहीत. मुलगा म्हणतो घराला होमस्टे करू आणि पेवात शिडी लावून पाहुण्यांना आत सोडू, वेगळा अनुभव होईल. — एक काका, हरिपूर

उत्तर : काका, होमस्टेला शुभेच्छा, पण पेवात कोणालाही उतरवू नका. बंद पेवात हवा खराब होते, प्राणवायू कमी होतो, आणि उतरणाऱ्या माणसाला काही जाणवायच्या आधी तो खाली पडतो. म्हणून तर जुनी माणसं पेव उघडून बराच वेळ मोकळं ठेवायची आणि कंदील सोडून बघायची, विझला तर उतरायचं नाही. पाहुण्यांच्या बाबतीत तेवढीही जोखीम नको.

पण ती पेवं बुजवू पण नका! कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या तुमच्या त्या मातीत नुसता खड्डा खणून हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची, आणि त्याच्या जिवावर सांगलीचा हळदीचा व्यापार उभा राहिला, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं त्याच्यामागं हीच पिढ्यान्‌पिढ्यांची साठवण आहे. एका पेवाच्या तोंडावर मजबूत जाळी बसवा, वरून दिवा सोडायची सोय करा, आणि शेजारी बसून तुम्ही स्वतः सांगा की पेव कसं भरायचं, तोंड कसं लिंपायचं, कुणाचं कुठलं हे कसं ओळखायचं. हे सांगू शकणारी माणसं कमी होत चाललीत, तुमचं बोलणं मुलाला मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायला सांगा, होमस्टे होवो न होवो.

पुराचं मात्र आधी बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला परत आलं. त्या दोन्ही वेळी तुमच्या जोत्यावर पाणी किती चढलं ती खूण भिंतीवर करून ठेवा. त्या उंचीच्या खाली विजेचे बोर्ड, गाद्या, फर्निचर काही नको. आणि पूर ओसरल्यावर मातीची भिंत रंगवायची घाई करू नका, दारं-खिडक्या उघड्या ठेवून काही महिने नुसती वाळू द्या.

प्रश्न : परवडेल तिथं जुन्या घरांत राहायला आम्हाला आवडतं. पण सगळीकडेच "दोनशे वर्षांचा वाडा" लिहिलेलं असतं. खरं-खोटं कसं ओळखायचं? — एक वाचक, सांगली

उत्तर : मालकांना विचारा की यातलं नवीन काय आहे. ज्यांनी मनापासून काम केलंय ते लगेच दाखवतात, ही भिंत परत बांधली, हा खांब दुसऱ्या गावच्या पडक्या वाड्यातून आणला, ही फरशी आत्ताची. दुसऱ्या घराचे खांब आणून लावणं वाईट नाही, पण ते इथलेच म्हणून सांगणं चूक. खांबाच्या तळखड्याकडं बघा, जुन्या जागी असलेल्या खांबाचा दगड आणि लाकूड एकत्र झिजलेलं असतं. दाराचा उंबरा मधे खोलगट झालेला असतो. तुळईत विनाकारण खाचा-भोकं दिसली तर ते लाकूड आधी दुसरीकडं कुठंतरी होतं. आणि घराचं वय सत्तर निघालं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, १९५० च्या आसपासचं नीट जपलेलं शेतघर मला दोनशे वर्षांच्या रंगरंगोटी केलेल्या वाड्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

प्रश्न : परवानग्या कुठल्या लागतात? सरकारी मदत मिळते का? — बऱ्याच वाचकांकडून

उत्तर : आधी सातबारा, आठ-अ आणि घराचा ग्रामपंचायतीचा उतारा काढा आणि त्यावर किती नावं आहेत ते बघा. आपल्या भागात इथंच बहुतेक बेत अडकतात, आत्या, चुलत्या, मुंबईतले चुलतभाऊ, सगळ्यांची संमती लेखी आणि रजिस्टर करून घ्या, धंदा चालायला लागल्यावर मागायला गेलात तर भांडण ठरलेलं. मग ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी, पाहुण्यांचं रजिस्टर, आणि परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची.

शेती स्वतः करत असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते. मालक त्याच घरात राहत असतील तर न्याहारी-निवास योजना बघा. केंद्राच्या हेरिटेज हॉटेल वर्गवारीत १९५० च्या आधीची राहती घरं, वाडे बसतात पण निदान पाच खोल्या लागतात आणि नवीन वाढीव बांधकाम जुन्या धाटणीला धरून असावं लागतं, लहान घरानं त्याच्या मागं लागून उगाच खोल्या वाढवू नयेत. महाबळेश्वर-पाचगणी हा २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथं घर असेल तर एक वीटही हलवायच्या आधी चौकशी करा. आणि नदीकाठच्या सगळ्यांनी जलसंपदा खात्याकडून निळी (वरचेवर येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा आपल्या गटातून कुठून जाते ते नकाशावर बघून घ्या, निळीच्या आत नवीन खोल्या बांधायला परवानगी मिळणार नाही, जे करायचं ते आहे त्या घरातच बसवावं लागेल.